उद्याकाकांची तात्पुरती चेन

आमच्या घराच्या पुढच्या खोलीत सायकल दुरुस्तीचं दुकान आहे आणि मागच्या दोन खोल्यांत मी आहे. मध्ये स्वयंपाकघराची खिडकी. ती थेट दुकानात उघडते, त्यामुळे गेली अठ्ठावीस वर्षं भाजी चिरता चिरता मी सायकली उघडलेल्या आणि मिटलेल्या पाहते आहे. कुठल्या सायकलचं काय बिघडलंय ते मला आता नुसत्या आवाजावरून कळतं. एकदा मी आतूनच ओरडून सांगितलं होतं की मागच्या चाकातली बेअरिंगची गोळी फुटली आहे, आणि खरंच ती फुटलेली निघाली. आमचे हे म्हणाले, "बरं." कौतुक म्हणून त्यांच्या तोंडून निघतं ते एवढंच, आणि तेही वर्षा-दोन वर्षांतून एकदा.

दुकानाला चांगलं नाव आहे, पाटीवर निळ्या रंगात लिहिलेलं आहे, पण ते कोणी घेत नाही. सगळ्या गावाला ते उद्याकाकांचं दुकान म्हणूनच माहीत. कोणीही सायकल घेऊन आलं की हे आधी चष्मा कपाळावर चढवतात. मग सायकल उलटी करतात, मागचं चाक फिरवतात, मान तिरकी करून कान लावतात, आणि म्हणतात, "उद्या या." तो बिचारा उद्या येतो तर सायकलचे भाग जुन्या चादरीवर ओळीने मांडलेले. ब्रेक घट्ट करायला आणलेली सायकल, पण ह्यांना दिसलेलं असतं की चेन ताणली गेली आहे, चेन बदलायची तर चक्राचे दाते झिजलेत का तेही बघायला हवं, आणि चक्र काढायचंच आहे तर आतली गोळ्यांची वाटी साफ नको का करायला? मग पुन्हा उद्या. माणूस चरफडत जातो. आठवड्याने त्याची सायकल परत मिळते, आणि पुढची पाच वर्षं ती चूं करत नाही. म्हणून लोक बोटं मोडतात आणि परत आमच्याकडेच येतात.

दुकानात एका शब्दाला बंदी होती. तात्पुरतं. "काका, तात्पुरतं जोडून द्या हो" असं कोणी म्हणालं की ह्यांच्या कपाळावर अशा आठ्या पडायच्या की मी खिडकी लोटून घ्यायची. एकदा पोस्टमन आला होता, भर उन्हात, तुटलेली चेन हातात घेऊन. निम्मं टपाल वाटायचं राहिलं होतं. ह्यांनी त्याला स्वतःची सायकल दिली, डोक्यावरची टोपी दिली, आतून मला लिंबू सरबत करायला लावलं. पण जुनी पिन ठोकून चेन जोडून द्या म्हटलं तर नाही. तुटलेल्या चेनला ह्यांच्याकडे एकच औषध: पिन पूर्ण बाहेर काढायची, फेकायची, आणि त्या जागी नवं लॉक घालायचं. लॉक म्हणजे दोन टोकं जोडणारी नवी कडी. काढलेली पिन डाव्या खांद्यावरून मागे टाकायची, न बघता. मागे फळीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा ठेवलेला असतो, पिन बरोबर त्यात पडते. टण्. अठ्ठावीस वर्षांत नेम चुकलेला मी पाहिला नाही, आणि त्या गोष्टीचा त्यांना नको तितका गर्व आहे.

ह्या हट्टामागे कारण होतं, आणि ते दर रविवारी आमच्याकडे चहाला येतं. म्हणजे माझे धाकटे दीर. हे बावीस वर्षांचे असताना भावजी नोकरीच्या मुलाखतीला निघाले होते आणि ऐन वेळी चेन तुटली. ह्यांनी ती तारेने बांधून दिली. "तात्पुरतं होईल," म्हणाले. मोठ्या उतारावर तार सुटली, चेन चाकात गेली आणि भावजी कोपरावर आपटले. हाड जुळलं, पण हात सरळ झाला नाही तो नाहीच. आता भावजी एवढे विनोदी की विचारू नका. म्हणतात, माझा हात कायम कप धरल्यासारखा आहे, त्यामुळे वहिनींना चहा विचारावा लागत नाही. आम्ही सगळे हसतो. हे हसत नाहीत. तेहतीस वर्षं झाली, एकदाही हसले नाहीत. कप भरून भावजींच्या त्या हातात देतात आणि दुकानात निघून जातात.

आता माझं सांगते. एक्कावन्नाव्या वर्षी मला सायकल शिकायची हुक्की आली. दुकानदाराच्या बायकोला सायकल येत नाही ह्यावरून पुरेशी थट्टा झाली होती. मी ह्यांना म्हटलं, मला एक सायकल बांधून द्या. म्हणाले, उद्या. चौदा महिन्यांनी सायकल तयार झाली. मी मधल्या काळात काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण सायकल अशी झाली होती की रंग बघावा का चाक फिरताना ऐकावं हेच कळेना. पुढे एक दातेरी चक्र, मागे लहानमोठी आठ, खास माझ्या गुडघ्यांच्या सोयीने निवडलेली.

मग सकाळी सायकलवर फिरणाऱ्या सात बायकांत मी आठवी झाले, आणि त्यांच्याकडून कळलं डोंगरफेरीचं. वर्षातून एकदा, बेचाळीस किलोमीटर, सगळी कच्ची वाट, झाडीतून आणि दगडांतून. सकाळी सातला निघायचं आणि दुपारी तीनच्या आत फेरी संपते त्या फाटकाशी पोचायचं. फाटकाजवळ पाण्याच्या जुन्या टाकीची भिंत आहे, पांढरी. जो वेळेत पोचतो तो आपल्या चेनचं काळं तेल तळहाताला फासतो आणि भिंतीवर पंजा उमटवतो. बक्षीस नाही, हार नाही, फक्त काळा पंजा. भिंत बघितली आणि मला वाटलं, ह्यात माझा हवा. का वाटलं ते विचारू नका. आयुष्यभर मी काळे हात साबणाने धुवायला लावले, एकदा तरी स्वतःचा काळा हात कुठेतरी लावावा असं वाटलं असेल.

पहिल्या वर्षी मी बोलण्याच्या नादात चुकीच्या वाटेला लागले आणि थेट एका गोठ्यात पोचले. दुसऱ्या वर्षी वाट चुकले नाही, पण गुडघा बोलायला लागला. वीस मिनिटं उशीर झाला. फाटकाशी घड्याळ घेऊन कोण उभं असतं? भावजी. रविवारी माझ्या हातचा चहा पिणारे भावजी. मी म्हटलं, वीस मिनिटांनी काय बिघडतंय? तर त्या वाकड्या हातातलं घड्याळ पुढे करून म्हणाले की वहिनी, घड्याळाला नातं कळत नाही. पुढचा महिनाभर मी त्यांना बिनसाखरेचा चहा दिला.

तिसऱ्या वर्षी डॉक्टरबाईंनी गुडघ्याचा फोटो उजेडात धरला आणि मला चांगलंच झापलं. सपाट रस्त्यावर हवी तेवढी चालवा, म्हणाल्या, पण डोंगर आता बंद. मी खूप गयावया केली तेव्हा म्हणाल्या की एक फेरी करा, शेवटची, आणि दुखलं तर माझ्याकडे रडत येऊ नका. म्हणजे भिंतीवर पंजा उमटायचा तर ह्याच वर्षी, नाहीतर कधीच नाही. हे मी घरी येऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी कळलं की फेरी भरवणाऱ्यांना दरवर्षी सगळ्यांच्या मागून सायकलने येणारा एक मिस्तरी लागतो आणि ह्यांनी स्वतःहून जाऊन ते काम घेतलंय. ज्या माणसाने उभ्या जन्मात उद्याशिवाय काही कबूल केलं नाही, तो तिथल्या तिथे हो म्हणाला होता.

पिशवी भरायला त्यांना तीन दिवस लागले. मी बघितलं तर पाने होते, पंप होता, चेनची पिन ढकलून काढायचं चेनकटर होतं, तेलाची बाटली, चार फडकी, आणि माझ्या चेनला बसणारी लॉक फक्त दोन. दोनच कशी हो, म्हटलं. तर म्हणाले, मी जोडलेल्या चेनी तुटत नाहीत. बाकीच्यांच्या तुटल्या तर, असं मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

फेरी सुरू झाली. अपेक्षेप्रमाणे सगळ्यात शेवटी मी आणि माझ्या मागे हे. वाटेत दोघांच्या चेनी तुटल्या. ह्यांनी दोन्ही वेळा खाली मांडी घातली, फडकं पसरलं आणि नवं लॉक घालून अगदी दुकानातल्यासारखं काम केलं. दोन्ही वेळा मी पुढे निघून गेले आणि हे नंतर मला गाठून परत मागे लागले. एकतीस किलोमीटर झाले तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. अकरा किलोमीटर राहिले होते, एक मोठी चढण आणि मग उतार. गुडघा दुखत होता पण सहन होण्याइतका. मी मनातल्या मनात भिंतीवर जागासुद्धा निवडली.

तेवढ्यात एक वाळकी काटकी उडाली आणि मागच्या चाकात गेली. असा करकच्च आवाज झाला की झाडावरचे पक्षी उडाले. मी उतरून बघते तर चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा जो हात असतो ना, दोन छोट्या चाकांचा, चाकाच्या मागे लोंबणारा, तो पिळवटून मोडला होता आणि नुसत्या तारेला लटकत होता. चेनच्या दोन कड्या वाकड्या झाल्या होत्या. सायकल जागची हलेना.

हे आले. चष्मा कपाळावर चढवला. सायकल उलटी केली. चाक फिरवलं, मान तिरकी केली. पुढे काय येणार ते मला कळलं.

"हे इथे होणार नाही. नवा हात लागेल, नवी चेन लागेल. घरी नेऊ. उद्या..."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एरवी मी पंधरा मिनिटं बोलले असते, पण तेव्हा तेवढी मिनिटंच नव्हती. मी म्हटलं, "अठ्ठावीस वर्षं तुमचं उद्या ऐकलं. कधी अडवलं नाही. पण माझ्या गुडघ्याला उद्या नाही हो."

मोडलेला हात तारेवर उगाच झुलत होता. मग अगदी हळू आवाजात हे म्हणाले, "त्याच्यासारखं झालं तर?"

कोणासारखं ते सांगायला नको होतं. मला एकदम वाईट वाटलं. हा माणूस तेहतीस वर्षं प्रत्येक सायकलमध्ये तोच उतार बघत आला होता, आणि आम्ही घरात बसून हसत होतो. पण मायेने बोलणं मला जमत नाही, माझं तोंडच तसं आहे. मी म्हटलं, "झालं तर माझा हात वाकडा होईल. भावजींचा आहे की. त्याच हाताने चहा पितात आणि त्याच हाताने मला घड्याळ दाखवतात. वाकड्या हाताने काही अडत नाही, अडून बसलायत ते तुम्ही."

मग त्यांनी पिशवीतून चेनकटर काढलं.

काम तसं सोपं असतं. मोडलेला हात काढून टाकायचा, चेन आखूड करायची आणि पुढच्या चक्रावरून सरळ मागच्या एकाच चक्रावर घालायची. गिअरची सायकल बिनगिअरची होते, पण चालते. त्यांनी मागचं मोठ्यातलं एक चक्र निवडलं, म्हणजे मला चढण जड जाणार नाही. चेन त्यावरून फिरवून बघितली, कुठे कापायची ती कडी नखाने धरली आणि कटर लावलं. इथे एक मेख असते. आणलेली दोन्ही लॉक वाटेतच संपली होती. तेव्हा पिन पूर्ण काढायची नसते, कडेच्या पट्टीत जराशी अडकलेली ठेवायची असते, म्हणजे तीच परत आत दाबता येते. पहिल्या महिन्यातल्या शिकाऊलाही हे शिकवतात. पण ह्यांनी अठ्ठावीस वर्षांत जुनी पिन परत वापरलीच नव्हती. कटरची मूठ फिरली, पिन बाहेर आली, आणि त्यांच्या हाताने ती डाव्या खांद्यावरून मागे टाकली.

टण् झालं नाही.

मागे नुसता पाचोळ्याचा उतार होता. त्यांचा चेहरा इतका पडला होता की मला रागवताही येईना. मग आम्ही गुडघ्यांवर बसून पाचोळा चिवडला. मी, जिला डॉक्टरबाईंनी गुडघे टेकायला मनाई केली होती, ती. आठ मिनिटांत एक शर्टाचं बटण सापडलं, एक चिडलेला किडा सापडला, पिन सापडली नाही. मग ह्यांनी कापून टाकलेल्या तुकड्यातली दुसरी पिन काढून ती बसवायला घेतली. पण सुटी पिन एवढ्याशा भोकात उभी धरायची म्हणजे दुकानातला घट्ट पकडणारा शिकंजा हवा. इथे धरायला नुसती माझी आणि त्यांची बोटं. दोनदा पडली. तिसऱ्यांदा पडली तेव्हा घड्याळात एक छत्तीस झाले होते.

तेव्हा मला स्वयंपाकघराची खिडकी उपयोगी पडली. मी म्हटलं, ह्या टोकाची कड्यांची अजून एक जोडी काढून टाका, आणि ह्या वेळी पिन अडकलेली ठेवा. ते म्हणाले की चेन आखूड होईल, ह्या चक्रावर बसणार नाही. मग धाकट्या चक्रावर घाला की, मी म्हटलं.

त्यांनी मान वर केली. "तुला जड जाईल. चढणीवर फार जड जाईल."

"जाईल तर जाईल. उतरून ढकलेन."

त्यांनी कटर परत हातात घेतलं. मग म्हणाले, "बरं."

ह्या वेळी कटर फिरवताना ते मोजत होते. अर्धा फेरा, पाव फेरा, बास. पिन कडेच्या पट्टीत अडकून राहिली. दोन टोकं जुळवली, कटर उलटं लावलं, पिन आत दाबली. मग चाक थोडं मागे ओढून चेन ताणली. जोडलेली कडी दोन्ही बाजूंनी वाकवून सैल केली, तरी ती जरा आवळलेलीच राहिली. एवढं झाल्यावर हा माणूस फडकं काढून चेन पुसायला लागला. एक शेहेचाळीसला. मी त्यांच्या हातातून फडकं हिसकावलं. निघताना त्यांनी बजावलं की उभी राहून पायडल मारायचं नाही, जोर लागला की उतरायचं, आणि त्या कडीला अजिबात हात लावायचा नाही.

निघालो. ती आवळलेली कडी दर थोड्या वेळाने मागच्या चक्रावरून जायची आणि आवाज यायचा. टक्. मला त्रास झाला नाही, पण मागे चाललेल्या माणसाचे काय हाल झाले असतील ते मीच जाणे. ज्याला गिऱ्हाइकाच्या सायकलची घंटा बेसूर वाजली तरी झोप लागत नाही, त्याने टक् ऐकत यायचं. दोनदा मागून म्हणाले, एक मिनिट थांब, सैल करतो. मी दोनदा नाही म्हटलं.

चढण आली. पायडल असं जड झालं की दोन वळणांत मी उतरले आणि ढकलायला लागले. गुडघा आता सरळ शिव्या देत होता. ह्यांनी मागून माझ्या सायकलला हात लावला नाही, कारण फेरीत मदत फक्त दुरुस्तीची चालते आणि फाटकाशी कोण उभं आहे ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. ते नुसते शेजारून त्यांची सायकल ढकलत चालले. मी रडतेय हे त्यांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. माथ्यावर पोचलो तेव्हा दोन वाजून एकतीस मिनिटं झाली होती.

उताराला लागल्यावर मी पाय थांबवले. चेन थांबली, टक् थांबला. इतका वेळ मी त्या आवाजाला कंटाळले होते, आणि तो गेल्यावर कान तोच शोधायला लागले. मागून आवाज आला, "आहे का?" मी खाली बघितलं. चेन जागेवर होती. "आहे," मी म्हटलं. पुढच्या वळणावर परत, "आहे का?" "आहे." असं पाच-सहा वेळा झालं. हा माणूस वाट बघतच नव्हता, माझ्या चेनकडे बघत होता. त्यामुळे व्हायचं तेच झालं. मागे झुडपांत मोठा कडकडाट झाला.

मी ब्रेक दाबला. झुडपातून ओरडणं आलं, "मी बरा आहे. थांबू नकोस. पुढे हो." आवाजावरून मला सायकलचं काय बिघडलंय ते कळतं, तसं ह्यांचंही कळतं. ते बरे होते. तरी बायकोने थांबायला हवं होतं, असं लोक म्हणतील. मी थांबले नाही. लाज वाटते, पण नाही थांबले.

उतार संपला, सपाट वाट आली. मी जीव मुठीत धरून पायडल फिरवलं. एक फेरा. दोन फेरे. टक्. माझा जीव भांड्यात पडला. त्यानंतरचे तीन किलोमीटर मी तो टक् मोजत गेले, आणि फाटकातून आत शिरले तेव्हा भावजींच्या वाकड्या हातातल्या घड्याळात तीनला चार मिनिटं कमी होती.

हे तीन वाजून सात मिनिटांनी आले. केसांत पानं, कानावर ओरखडा. माझ्याकडे बघितलंही नाही. तडक माझ्या सायकलपाशी खाली बसले आणि त्या कडीवरून अंगठा फिरवला. पिन होती तिथेच होती. भावजी त्यांच्या बाजूला वाकले. मोडलेला हात नाही, चेन सरळ एका चक्रावर, हे त्यांनी पाहिलं. त्यांनीही ती एक कडी बोटाने हलवून पाहिली.

"कोणी जोडली, दादा?"

"मी." मग हे म्हणाले, "तात्पुरती आहे."

भावजी काही विनोद करतील म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी केला नाही. म्हणाले, "चांगली जोडलीय." आणि तो हात भावाच्या मानेभोवती टाकला. सरळ होत नाही तो हात, पण मानेभोवती अगदी बरोबर बसला. हे खाली बघत बसून राहिले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला आधी वाटलं रडतायत. बघते तर हसत होते. तेहतीस वर्षांचं साचलेलं हसत होते, आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं, म्हणजे दोन्ही एकदमच चाललं होतं.

मग मी भिंतीकडे जायला निघाले आणि तळहाताला तेल लावायला चेनला हात घातला, तर ह्यांनी माझ्या हातावर चापट मारली. कडीला हात लावायचा नाही. अहो, मग पंजा कशाने उमटवू, मी म्हटलं. तशीही अर्धी चेन त्यांनी पुसूनच ठेवली होती. तेव्हा त्यांनी स्वतःचे दोन्ही काळे हात पुढे केले. मी माझा हात त्यांच्या हातात घातला, चांगला घोळवला आणि भिंतीवर लावला. निवडलेली जागा दुसऱ्या कोणीतरी घेतली होती. शेजारी लावला. जरा फिसकटलाय, पण माझाच आहे.

ह्याला आता आठ महिने झाले. डोंगर बंद आहे, मी शब्द पाळलाय. सपाट रस्त्यावर रोज सकाळी जाते. नवा हात आणि नवी चेन मागवली होती, ती केव्हाच आली. खोका फळीवर पिनांच्या डब्याशेजारी पडून आहे. सायकल मात्र अजून तशीच आहे, एका चक्रावर, त्या जुन्या पिनेवर. रोज सकाळी मी निघण्याआधी हे खाली बसतात, त्या एका कडीवर तेलाचा थेंब सोडतात आणि ती हलवून बघतात. दुसऱ्या कोणाची सायकल अशी आली असती तर त्याला दारातूनच परत पाठवलं असतं.

कालही मी विचारलं, अहो, आता माझी सायकल कधी नीट करणार? त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, सायकल उलटी केली, चाक फिरवलं आणि मान तिरकी करून कान लावला. टक् आला. त्यांनी मान डोलावली.

"उद्या," म्हणाले.

मी म्हटलं, बरं.